गिअर नॉबमध्ये फॉग लॅम्पचे बटन बसवायचे आहे

सातारकर:
माझ्या पाच गिअरच्या जुन्या हॅचबॅकला मी बाहेरून दोन फॉग लॅम्प लावून घेतले, पण त्यांचा स्विच स्टिअरिंगखाली गुडघ्याशी आहे. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना एखाद्या वळणावर अचानक धुके लागते आणि तो स्विच चाचपडत शोधावा लागतो. म्हणून गिअर नॉबच्या माथ्यावर पुश बटन बसवावे असे मनात आहे. बटनावर 3 अँपिअर लिहिले आहे आणि बल्ब प्रत्येकी 55 वॉटचे आहेत. लॅम्पची वायर थेट बटनातून नेली तर चालेल का?

मिरजेचा वायरमन:
थेट मुळीच नेऊ नका. दोन बल्बांचे 110 वॉट म्हणजे 12 व्होल्टला नऊ अँपिअरहून अधिक प्रवाह झाला. 3 अँपिअरचे बटन करपेल, आणि तेही आपल्या तळहाताखाली. चार पायांचा रिले, म्हणजे बटनाच्या थोड्या प्रवाहावर लॅम्पचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बॉनेटखाली बसवा. बॅटरीची वायर 15 अँपिअरच्या फ्यूजमधून 30 क्रमांकाच्या पायाला आणि लॅम्पची वायर 87 ला द्या. 86 ला चावी फिरवल्यावरच येणारा सप्लाय छोट्या फ्यूजमधून द्या, म्हणजे गाडी उभी असताना बॅटरी उतरणार नाही. 85 ची वायर बटनाकडे न्या आणि बटनाचे दुसरे टोक अर्थ करा, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीला जोडा. बटन अर्थच्या बाजूला ठेवण्याचे कारण असे की वायर लिव्हरला घासून सोलली, तरी फार तर लॅम्प आपोआप लागतील, शॉर्ट होणार नाही. बटन मात्र एकदा दाबले की दबलेलेच राहणारे घ्या, नाहीतर लॅम्प चालू ठेवायला सारखा अंगठा टेकवून बसावे लागेल.

सांगलीकर:
वायरिंग वरीलप्रमाणेच करावे, पण माझी फजिती झाली ती नॉब बसवताना. बटनाला वायरी डाखून मी नॉब आटे फिरवत घट्ट केला, तेव्हा वायरींना तितकेच पीळ पडले आणि पंधरवड्यात एक वायर डाखाजवळच तुटली. आधी नॉब पूर्ण बसवून लॉकनटाने पक्का करावा, बटन वरून मागाहून सोडावे आणि जोड लेदर कव्हरच्या खाली ठेवावा. वायर बारीक, अनेक तारांची व मऊ असावी. लिव्हरच्या बुडाशी बोटभर ढिलाई ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहावे; कोणत्याही गिअरला वायर ताणली जाता कामा नये. लिव्हर बहुधा भरीव असते, त्यामुळे वायर तिच्या बाहेरून स्लीव्हमध्ये, म्हणजे संरक्षक नळीत, न्यावी लागते.

सातारकर:
दोघांचेही आभार. माझी लिव्हर भरीवच आहे. शिवाय रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग वर ओढावी लागते. स्लीव्ह त्या रिंगमधून जाईल का?

सांगलीकर:
जाईल, पण रिंग अडकेल. ऐन घाटात गाडी मागे घ्यायची वेळ आली आणि रिव्हर्स पडला नाही, तर फॉग लॅम्प काय कामाचे? अशा गाडीत नॉबचा नाद सोडावा आणि हेच बटन हँडब्रेकच्या पुढे, कन्सोलवरच्या रिकाम्या झाकणात बसवावे. रिलेची जोडणी तीच राहते आणि हातही गिअरवरून फार लांब जात नाही.