मदत हवी आहे: बुरशीच्या पेशीत टर्बिनाफिनचे रामन शिखर दिसत नाही

सर्व जाणकारांस नमस्कार.

मी गोव्यात संशोधक विद्यार्थिनी असून गजकर्णास कारणीभूत होणाऱ्या ट्रायकोफायटन बुरशीवर काम करते. इथल्या पावसाळ्यात ओले कपडे अंगावरच सुकतात आणि नायटा घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाच्या गोळ्या पूर्ण घेऊनही तो हटत नाही, ही तक्रार मी स्वतःच्या घरात ऐकली आहे. औषधाला न जुमानणाऱ्या (प्रतिरोधी) वाणांत, हे औषध ज्याला रोखते त्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराच्या जनुकातील उत्परिवर्तन हे मुख्य कारण मानले जाते. तरीही अशा पेशीत औषध नेमके कुठे साठते, हे मला प्रत्यक्ष पाहायचे आहे.

या औषधाचा रेणुभार जेमतेम २९१ आहे. त्याला चकाकणारा रंगरेणू जोडला, तर तो मूळ रेणूपेक्षाही मोठा ठरू शकतो आणि मग आपण पाहतो ते औषधच राहत नाही. टर्बिनाफिनमध्ये मात्र मुळातच कार्बन-कार्बन तिहेरी बंध आहे आणि रामन वर्णपटात (लेसरचा प्रकाश रेणूवरून विखुरताना बंधांच्या कंपनानुसार किती बदलतो, याच्या नोंदीत) त्याच्या कंपनाचे शिखर २,२०० ते २,२५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पेशीतील प्रथिने व मेद जिथे जवळजवळ गप्प असतात त्या पट्ट्यात येते.

शुद्ध भुकटीत हे शिखर ठसठशीत दिसते. ५३२ नॅनोमीटरच्या लेसरखाली बुरशीच्या तंतूंत मात्र प्रतिदीप्तीच (तंतूची स्वतःची चकाकी) उसळते आणि शक्ती वाढवली की तंतू जळतो. माझा कयास असा की औषधाची मात्रा (संहती) कमी पडते: संवेदनशील वाणाला १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरहूनही कमी, म्हणजे ३.४ मायक्रोमोलरच्या आतले औषध पुरते, तर साध्या रामन पद्धतीला सहसा मिलिमोलरच्या घरातली मात्रा लागते. मेदाच्या थेंबांत औषध गोळा होऊन ही तफावत भरून निघेल, अशी माझी आशा होती.

७८५ नॅनोमीटरचा लेसर घेतल्यास प्रतिदीप्ती घटेल. पण रामन संकेतही सुमारे पाचपट कमी होईल आणि हे शिखर ९५० नॅनोमीटरजवळ, सिलिकॉन संवेदक मंदावतो तिथे पडेल. हा सौदा परवडतो का? २००८ साली पुढे आलेल्या उद्दीपित रामन सूक्ष्मदर्शनात (दोन लेसर वापरून रामन संकेत वाढवणाऱ्या पद्धतीत) संकेत मात्रेच्या सम प्रमाणात मिळतो, परंतु साध्या तिहेरी बंधासाठी तिथेही शेकडो मायक्रोमोलर लागतात असे वाचले आहे. तेव्हा बाहेरच्या प्रयोगशाळेत वेळ मागण्याआधी नमुना कसा तयार करावा? की औषधाचा नाद सोडून, विकर रोखला गेल्याने पेशीत साचणारे स्क्वालीन (एक मेदपदार्थ) १,६७० प्रति सेंटिमीटरजवळ शोधावे, आणि तसे केल्यास शेजारच्या १,६५५ च्या प्रथिन-पट्ट्यापासून ते खात्रीने वेगळे कसे काढावे?