बेशर दांपत्याचे फोटो: कला की नुसती नोंदवही?

जुनी_लेन्स: "बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने जन्मभर कारखान्यांच्या त्याच त्या टाक्या, भट्ट्यांचे फोटो काढले, ट्रायपॉड असला की कोणालाही जमेल," ही पोस्ट वाचून राहवलं नाही. 13×18 सेंमीचा कॅमेरा शिडीवर नाहीतर समोरच्या इमारतीवर चढवायचा, म्हणजे लेन्स टाकीच्या साधारण निम्म्या उंचीवर येते. फिल्मची मागची चौकट ओळंब्यात ठेवून लेन्सची पाटी वर सरकवायची. अख्खा कॅमेरा वर तिरपा केलात की मनोरा मागे कलंडलाच. आकाश सपाट ढगाळ हवं. उन्हात एका बीमची सावली दुसऱ्यावर पडते, पुढचा कुठला नि मागचा कुठला कळत नाही. हे सगळं दर वेळी तेच ठेवलं, तरच 9 किंवा 15 फोटो शेजारी मांडल्यावर फरक फक्त बांधकामाचा उरतो. तोचतोचपणा हीच पद्धत आहे!

ओळंबा: आज उभ्या रेषा सॉफ्टवेअरमध्ये सरळ होतात.

जुनी_लेन्स: वरचा भाग ताणून होतात. रिव्हेट बघायचे तिथेच तपशील विरळ.

ओळंबा: आणि पाटी फार सरकवली की वरचे कोपरे काळे, तेही सांगा ना.

हायपो: एक्स्पोजरचं, म्हणजे फिल्मवर उजेड किती वेळ पडू द्यायचा याचं, कोणी बोलतच नाही. लेन्सचं छिद्र लहान, उजेड मंद. उजेड मोजणाऱ्या मीटरने 10 सेकंद सांगितले तर ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मला कोडॅकच्या तक्त्याप्रमाणे 50 सेकंद द्यावे लागतात, डेव्हलपिंगचा (रसायनात फिल्म ठेवण्याचा) वेळ 20 टक्के कमी.

ओळंबा: ढगाळ उजेडात डेव्हलपिंग घटवलं तर निगेटिव्ह मिळमिळीत होईल. काहीही सांगू नका!

हायपो: तक्ता नीट वाचा. लांब एक्स्पोजरमध्ये सावल्या हायलाइटपेक्षा, म्हणजे उजळ भागांपेक्षा, जास्त मागे पडतात, म्हणून कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातला फरक) वाढतो. कपात त्यासाठी आहे. उजेडच सपाट असेल तर हा वाढलेला कॉन्ट्रास्ट कामाला येतो. तिथे कपात टाळायची.

ओळंबा: ठीक. एवढ्यापुरतं मान्य.

पाळी_तिसरी: रसायन पुरे. माणूस कुठे आहे? ज्या मनोऱ्याखालून कामगार खाणीत उतरायचे, त्याला या दोघांनी 1970च्या आपल्या पुस्तकात "अनामिक शिल्पे" म्हटलं. 1990 साली व्हेनिसच्या बिएनाले कला-प्रदर्शनात बक्षीसही शिल्पकलेचंच. घाम पुसून लोखंड दाखवलं, याची चीड येते.

जुनी_लेन्स: मिनिटभराच्या एक्स्पोजरमध्ये चालता माणूस उमटतच नाही.

पाळी_तिसरी: उभा राहिलेला उमटतो. त्यांनी ठरवून टाळला.

हिलाची_बाजू: टाळला, खरं आहे. पण बर्न्ड आधी जर्मनीतल्या झीगनकडच्या खाणी चितारत होता. पाडकाम चित्रापेक्षा वेगाने व्हायला लागलं म्हणून फोटोकडे वळला. उभं आहे ते आधी नोंदवायचं, ही घाई होती. आणि सगळे "बर्न्डची शैली" का म्हणता? छायाचित्रणाचं रीतसर शिक्षण हिलाचं होतं, पॉट्सडॅममध्ये. 1976 साली ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत प्राध्यापकी मात्र एकट्या बर्न्डला.

पाळी_तिसरी: हिलाबद्दल बरोबर आहे तुमचं. कामगारांबद्दल मी मागे हटणार नाही.