मदत हवी आहे: सारंगखेड्यातून घोडी आणायचीय

नमस्कार मंडळी, यंदा दत्त जयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून मारवाडी घोडी घ्यायचा विचार आहे, शोसाठी आणि पुढे ब्रीडिंगसाठी पण. मागच्या वेळी एका व्यापाऱ्याने तीन वर्षांची सांगून घोडी दिली, घरी आणून डॉक्टरांना दात दाखवले तर दुधाचा एकही दात शिल्लक नाही, म्हणजे पाचाच्या पुढचीच, फार मनाला लागलं. आता दात आधी बघणार, उंची स्वतः मोजणार, कडक जमिनीवर पळवून लंगडते का तेही बघणार. पण ग्लँडर्सची (घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) रक्त तपासणी सौद्याआधी कशी करायची, रिपोर्ट येईपर्यंत विकणारा थांबतो का, विसार किती द्यावा? तिथून सांगलीपर्यंत गाडीतून कोणी आणली असेल तर प्लीज सांगा, घोडीला त्रास नको व्हायला.