पेनांगमध्ये लक्सा कसा मागायचा? तातडीने मदत हवी आहे

प्रवासीपक्षी: मंडळी, सध्या मलेशियात, पेनांगच्या जॉर्जटाऊन शहरात आहोत. उद्या केक लोक सीचं देऊळ बघून खाली आयर इतमला लक्सा, म्हणजे तिकडचा शेवयांचा मसालेदार रस्सा, खायचा बेत आहे. काल एका साध्या ठेल्यावर मागवला, तर बायकोला दोन घासांतच त्रास झाला. वाडगा तसाच टाकून उठलो. माझा जीव मात्र अजून त्यातच आहे. तिला चालेल असा लक्सा कसा मागायचा? सकाळी लवकर निघतोय, पटकन सांगा.

चिंचोका: त्रास म्हणजे काय? तिखट लागलं की पोट बिघडलं? आणि रस्सा आंबट होता की नारळाच्या दुधातला? तिकडे दोन्ही मिळतात.

खमंगकाका: लिटल इंडियात जा. केळीच्या पानावर भात, सांबार, शुद्ध शाकाहारी. कटकटच नको.

प्रवासीपक्षी: काका, आम्ही शाकाहारी नाही. आंबट होता. जाड पांढऱ्या शेवया, वर काकडी, अननस, पुदिना.

मालवणीमिरी: म्हणजे आसम लक्सा. अहो, त्यात केंबुंग मासा असतो, म्हणजे आपला बांगडाच! उकडून, काटे काढून रश्श्यात कुस्करतात. आंबटपणाला आसम केपिंग, कोकमाच्याच कुळातल्या फळाचे वाळवलेले काप. वहिनींना म्हणावं, बांगड्याचं तिखलं समजून खा.

चिंचोका: चिंच पण असते त्यात. ‘आसम’चा अर्थच आंबट.

मालवणीमिरी: असते की. नाही कोण म्हणालं? पण कोकमाच्या भावंडाला वगळू नका.

तर्राट: पेनांगचा सोडा, सारावाक लक्सा खाऊन बघा. नारळाचं दूध, वर अंड्याच्या पट्ट्या आणि कोळंब्या. त्यापुढे हे आंबट पाणी.

मालवणीमिरी: आंबट पाणी?! 2011 साली सीएनएनच्या जगातल्या चविष्ट पदार्थांच्या यादीत आसम लक्सा सातवा होता.

तर्राट: याद्या काय, रोज निघतात.

प्रवासीपक्षी: भांडा नंतर. मासा चालतो तिला, कोळंबी चालत नाही. ओठ सुजले, घसा खाजायला लागला. पण वाडग्यात कोळंबी एकही नव्हती, मी शेवया उपसून पाहिलं.

चिंचोका: हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतंत! वाढताना वरून काळं, घट्ट, काकवीसारखं काही घातलं होतं का? ते हे को, कोळंबीचंच. ते नको म्हणता येतं. पण वाटणात बेलाचान असतं, आंबवलेल्या जवळ्याची वडी. ते मिरची-लेमनग्रासबरोबर वाटून रश्श्यात उकळलेलं असतं, मागाहून काढणार कसं? नारळाच्या दुधातल्या लक्सालाही सहसा तेच वाटण. सारावाकवाल्यातही बेलाचान, वर कोळंब्या. तर्राट, तुम्ही वाचून तरी सल्ला द्या.

तर्राट: मी लिहिलं तेव्हा कोळंबीचं कुठे सांगितलं होतं त्यांनी? आणि एवढं काय, सेट्रिझिनची गोळी घेऊन खायचं. माझा मेहुणा तसंच करतो.

गोळीबंद: मेहुण्याला सांभाळा. ओठ सुजण्यापर्यंत गेलं असेल तर पुढच्या वेळी श्वासावर येऊ शकतं. गोळी म्हणजे परवाना नाही. पक्षी, आधी डॉक्टरला विचारा आणि तोवर कोळंबीचा अंशही नको.

चिंचोका: बरोबर. चिनी शाकाहारी ठेल्यांवर 素 असं अक्षर असतं, तिथे बिनमाशाचा लक्सा मिळू शकतो. तरी बेलाचानचं विचाराच. मलयमध्ये वाक्य: ‘साया अलाह कपादा उदांग’, मला कोळंबीची अॅलर्जी आहे. फोनवर रोमन लिपीत लिहून दाखवा, तोंडी गडबडीत ऐकलं जात नाही.

खमंगकाका: म्हणून म्हटलं, केळीचं पान.

प्रवासीपक्षी: ठीक. लक्सा मी एकटा खातो, ती चेंदोल घेईल. बर्फ, नारळाचं दूध, गूळ, हिरव्या शेवया. त्यात तरी कोळंबी नसते ना?

चिंचोका: नसते. पण चमचा तिचा वेगळा ठेवा.

मालवणीमिरी: तिथे बाजारात आसम केपिंगचं पाकीट दिसलं तर माझ्यासाठी आणाल? बांगड्याच्या कढीत घालून बघायचंय.