'शुद्ध'च्या उलट 'बेशुद्ध' का नाही?

प्रश्न, विट्याहून:
भाची पाचवीत आहे. विरुद्धार्थी शब्दांत तिनं 'शुद्ध × बेशुद्ध' असं लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारली. 'अशुद्ध' हवं होतं हे मलाही कळतं. पण पोरगी म्हणते, "मामा, बेइमान म्हणजे इमान नसलेला. मग बेशुद्ध म्हणजे शुद्ध नसलेला का नाही?" मला काही सांगता येईना. जाता जाता, चोख, अस्सल, निर्भेळ यांतला फरकही कुणीतरी सांगा.

उत्तर, सांगलीहून:
पोरीचा तर्क चोख आहे, घोळ 'शुद्ध'मध्येच आहे. मराठीत दोन 'शुद्ध' नांदतात. एक विशेषण, शुद्ध तूप. दुसरं स्त्रीलिंगी नाम, 'त्याची शुद्ध हरपली'. हिंदीतली 'सुध' ती हीच. 'बेशुद्ध' या दुसरीवरून आला. फार्सी 'बे' आणि संस्कृत 'शुद्धी' यांचा हा संसार. पोटात 'शुद्ध' आणि शब्द मात्र भेसळीचा!

'निखालस'ची गंमत तर आणखी. अरबी 'खालिस' म्हणजेच शुद्ध, त्याला आपण 'नि' जोडला. 'निर्दोष', 'निर्मळ' यांच्या चालीनं अर्थ 'शुद्ध नसलेला' व्हायला हवा होता, झाला 'अगदी शुद्ध'. 'अस्सल'ही अरबीच. त्यामुळे कुणी 'अस्सल मराठी'चा आग्रह धरला की मला हसू येतं. 'तारीख' नको म्हणून सावरकरांनी 'दिनांक' रुळवला. अर्जावर तो बसलाही, पण कोर्टात अजून तारीखच पडते.

चोख म्हणजे संस्कृत 'चोक्ष'. तो हिशेबाला, बंदोबस्ताला, उत्तराला लागतो. मनाला लागत नाही, तिथं निर्मळ. निर्भेळमधली भेळ म्हणजे मिसळण, चौपाटीवरची तीच. (आम्ही भडंगवाले, आम्हाला काय!) आणि 'शुद्ध थाप', 'शुद्ध गाढवपणा' यात शुद्धचा अर्थ नुसता 'निव्वळ'.

उत्तर, खानापूर तालुक्यातून:
आमचं घर गलाईचं. आमच्या भागातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला पांगलीत, हे विटेकरांना सांगायला नको. दुकानात वडिलांच्या तोंडी 'शुद्ध' हा शब्द मी कधी ऐकला नाही. "टंच किती?", म्हणजे सोन्याचा कस किती, एवढंच विचारायचे, आणि उत्तरात आकडा यायचा.

एक बघितलेलं सांगतो. जुनं सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात चांदी नाहीतर तांबं मिसळतात. सोनं चौथा हिस्सा राहील इतकं. लहानपणी वाटायचं, वडील गिऱ्हाइकाचं सोनं बिघडवतायत. पण सोन्याचा हिस्सा जास्त असला तर तेजाब आत शिरतच नाही. मग ते तेजाबात घालायचं. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाशी विटेच्या भुकटीसारखा तपकिरी गाळ उरतो. चमक काही नाही, नवख्यानं फेकून द्यावा असा. तो धुऊन, टाकणखार घालून मुशीत वितळवला की पिवळंजर्द होतं. एवढं करूनही दागिना घडवताना त्यात पुन्हा तांबं-चांदी घालावंच लागतं, नाहीतर मंगळसूत्राच्या वाट्या बोटानं चेपतील. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, बाकी हीण. 'हिणकस' ही शिवी आमच्या धंद्यातूनच तुमच्याकडे गेली.

पुन्हा सांगलीहून:
वा! मग शुद्धलेखनाचाही टंच विचारायला हवा. आजोबांच्या पत्रांत 'नाहीं', 'कांहीं' असायचं, तेव्हा तेच शुद्ध. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम १९६२ साली सरकारनं स्वीकारले, १९७२ साली आणखी ४ आले, आणि आजोबांची अख्खी पेटी अशुद्ध ठरली. म्हणून हल्ली 'प्रमाणलेखन' म्हणतात ते मला बरं वाटतं. आपल्याकडचं "जेवलासा का?" प्रमाण नसेल, पण त्यात हीण कुठलं? शाळेत मी 'न्हाई' म्हटल्यावर वर्ग हसला होता आणि गुरुजीही हसले होते. घरी जाऊन आईला 'नाही' म्हटलं तर ती म्हणाली, "असं का बोलाय लागलास, बरं नाही का तुला?"

विट्याहून:
सगळ्यांचे आभार. भाचीला दोन्ही 'शुद्ध' समजावले. तिनं रेघेखाली नवीन जोडी लिहिलीय, 'बेशुद्ध × शुद्धीवर'. वही उद्या बाईंकडे जाईल.