मदत हवी आहे: एम.एस्सी. मायक्रो झालंय, एमबीबीएस नाही. मेडिकल मायक्रोबायोलॉजीत संशोधन जमेल का?

नमस्कार मंडळी. नांदेडच्या स्वारातीम विद्यापीठातून २०२४ ला एम.एस्सी. केलं. सध्या लातुरात एका खासगी लॅबमध्ये कल्चर बघते. घरी अडीच एकर, सोयाबीन.

मागच्या महिन्यात खेड्यावरच्या एका आजीच्या लघवीचा नमुना आला. मॅकॉन्कीवर (जंतू वाढवायचं माध्यम) गुलाबी कॉलन्या, म्हणजे ई. कोलाय जंतू. मग म्युलर-हिंटनच्या प्लेटवर अँटिबायोटिकच्या डिस्का लावल्या. सकाळी पट्टी घेऊन झोन (डिस्केभोवतीची जंतू न वाढलेली जागा) मोजायला बसले, तर सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफ्ट्रायॅक्झोन दोन्हींच्या कडेपर्यंत जंतू वाढलेला. मोजायचं काय? रिपोर्टवर 'आर' (रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा) लिहिलं, प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, विषय संपला. कोणत्या जीनमुळे झालं, गावात अजून कुणात आहे का, हे कुणी विचारत नाही. सरांना म्हटलं तर, "त्याचे पैसे कोण देणार?" त्यांचंही खोटं नाही. पण माझ्या डोक्यातून जाईना.

सीएसआयआर नेट परीक्षेला (लाइफ सायन्सेस) फक्त पीएचडी प्रवेशापुरती पात्र ठरले, जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) हुकली. हा स्कोअर वर्षभरच चालतो. फेलोशिपचे महिन्याचे ३७,००० नसतील तर पुण्यात राहायचं कशावर? परत परीक्षा द्यायची तर ड्यूटीवरून येऊन वनस्पतींची फिजिऑलॉजी घोकायची. दुसरा रस्ता मेडिकल कॉलेजातल्या तीन वर्षांच्या एम.एस्सी. मेडिकल मायक्रोबायोलॉजीचा. त्याचं नाव काढलं की आई स्थळांचं काढते.

एमडी नसलेलं कुणी या वाटेनं गेलंय का? आधी काय करू?

— मांजराकाठ

प्रतिसाद १

ताई, दुसरं एम.एस्सी. नको. मीही परभणीकडचाच, एमबीबीएस नाही, पीएचडी चालू आहे. पुण्यात एनआयव्हीसारख्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) संस्थांमध्ये प्रोजेक्टवरच्या जागा निघतात, त्यांच्या वेबसाइटवर जाहिराती बघत राहा. पगार मिळतो, हात बसतो, नेट परत देता येते. माझी जेआरएफ तिसऱ्या खेपेला आली.

आजीची प्लेट टाकली म्हणून हळहळू नका. संशोधनासाठी जंतू जपायचा तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते. मुलाखतीत मात्र कामाबद्दल खोदून विचारतात. डिस्क टेस्ट बरोबर चालते का ते बघायला एटीसीसी २५९२२ चा (प्रमाण ई. कोलाय) कंट्रोल लावता का?

मांजराकाठ

धन्यवाद दादा. रजिस्टरला दर आठवड्याला लावल्याची नोंद आहे. मी जॉइन झाल्यापासून लावलेला पाहिला नाही. उद्या सरांना विचारते.