अनवाइंडचा एअर ब्रेक नुसता कमाल टॉर्क बघून घेऊ नका

फिरकी:
पॅकेजिंग फिल्मच्या स्लिटरवर, म्हणजे रुंद फिल्म उलगडून अरुंद पट्ट्यांत कापणाऱ्या मशीनवर, बरीच वर्षं काढली, म्हणून तळमळीने लिहितोय. अनवाइंडवर, म्हणजे जिथे मोठा जंबो रोल उलगडतो तिथे, फिल्म ताणून धरायला हवेच्या दाबावरचा ब्रेक लागतो. तो घेताना जो तो विचारतो, ‘टॉर्क, म्हणजे रोलचं फिरणं रोखणारा जोर, किती?’ विचारायचं ते वेगळंच: कमीत कमी किती टॉर्क न अडकता देतो?

वेबचा, म्हणजे मशीनमधून धावणाऱ्या फिल्मचा, ताण 200 न्यूटन धरा. रोल 1000 मिमी व्यासाचा असताना टॉर्क लागतो 100 न्यूटन-मीटर, 100 मिमी उरला की 10. म्हणजे सुरुवातीला 5 बार लागत असेल तर शेवटी अर्धा बार. एवढ्या कमी दाबाला ब्रेकचे पॅड दाबणारा पिस्टन त्याच्या हवाबंद सीलमध्ये अडकतो, मग सुटतो. ब्रेक हिसके देतो आणि फिल्मला सुरकुत्या पडतात. एका मोठ्या कॅलिपरऐवजी (डिस्कला पॅडने पकडणारा भाग) चार छोटे लावा. रोल बारीक झाला की तीन बंद करा, उरलेल्याला 2 बार मिळतो आणि पकड एकसारखी राहते.

पाना_बारा:
साफ असहमत. चार कॅलिपर म्हणजे चार झडपा, चार नळ्या, आणि सतत चालणाऱ्या कॅलिपरचे पॅड बाकीच्यांच्या आधी संपणार. ते बघायचं आम्ही, मेंटेनन्सवाल्यांनी. दुखणं सीलचं आहे ना? मग डायफ्रॅमचा, म्हणजे पिस्टनऐवजी लवचीक पडदा असलेला, ब्रेक घ्या, त्यात घासणारी सीलच नसते. जोडीला हवेचा दाब अचूक राखणारा चांगला प्रिसिजन रेग्युलेटर. संपलं.

फिरकी:
डायफ्रॅमचा मुद्दा मान्य. कॅलिपरही पाळीपाळीने बंद केले तर सगळे पॅड सारखेच झिजतात. पण उष्णतेचं काय? मिनिटाला 300 मीटर वेग म्हणजे सेकंदाला 5 मीटर, गुणिले 200 न्यूटन. 1000 वॅट! रोल भरलेला असो वा संपत आलेला, ताण आणि वेग तेच तर उष्णताही तेवढीच. आणि भरलेला रोल फिरतो जेमतेम 95 आरपीएमने. तेव्हा डिस्कच्या पंखासारख्या पात्यांना वारा कुठून यायचा? ब्रेक सर्वात जास्त तापतो तो इथे. म्हणून स्वतःची मोटर असलेला ब्लोअर हवाच.

रोल_ते_रोल:
आमची फिल्म बिस्किटाच्या पुड्यांना जाते. ब्लोअरने पॅडची पूड तिच्यावर उडाली तर अख्खा रोल नापास. मला तो उपाय चालणारच नाही.

फिरकी:
फुंकू नका, ओढा. ब्रेकला बंद कव्हर, त्याला डक्ट, आणि हवा फिल्टरमधून शेडबाहेर.

रोल_ते_रोल:
एवढा खटाटोप करायचाच तर ब्रेकऐवजी मोटर लावा. रोल तिला फिरवतो आणि वीज तयार होते. रीजनरेटिव्ह ड्राइव्ह (वीज परत वापरात आणणारा मोटरचा कंट्रोलर) ती वीज कॉमन डीसी बसवरून, म्हणजे सगळ्या ड्राइव्हना जोडणाऱ्या सामाईक वीजवाहिनीवरून, कापलेली फिल्म गुंडाळणाऱ्या रिवाइंडरला देतो. पूड नाही आणि ताप नाही.

पाना_बारा:
जुन्या मशीनला ड्राइव्ह, मोटर, पॅनल सगळं नवं? मालकाला खर्च सांगून बघा. शिवाय वीज गेली की वजनदार रोल थांबवायला ब्रेक लागणारच. टाकीत हवा असेल आणि झडप वीज जाताच ब्रेकला दाब देणारी निवडली असेल, तर एअर ब्रेक तेव्हाही धरतो.

रोल_ते_रोल:
तेवढ्यापुरता ठेवा की. दिवसभर घासत राहायचं काम त्याच्याकडून काढून घ्या, एवढंच माझं म्हणणं.